डब्यातले थर्मोस्टॅट

माझ्या शेडमध्ये खिडकीच्या फळीवर तुपाचा पाच किलोचा एक जुना डबा आहे. तूप कधीच संपलं. आता त्यात थर्मोस्टॅट आहेत, मी माझ्या हातानं गाड्यांतून काढलेले. काही पितळी, काही तांब्याच्या रंगाचे, काही चकचकीत स्टेनलेसचे. कुणाच्या कडेवर ७१ कोरलंय, कुणाच्या ८२, कुणाच्या ८८. जुन्या फियाटींचे आहेत, ॲम्बेसिडरचे आहेत, जीपचे आहेत. बरेचसे चांगले चालणारे होते. तरीही काढले. ही गोष्ट सांगायला मला लाज वाटायला हवी, पण धंद्यात आम्ही सगळेच ते करत होतो.

मागच्या एप्रिलमध्ये एक पोरगा वडिलांची जुनी मारुती एस्टीम घेऊन आला. एक्झॉस्ट बदललेला, कॅम बदललेला, कॉम्प्रेशन वाढवलेलं. रविवारी ऑटोक्रॉसला जातो, एरवी पहाटे सिंहगडाच्या घाटात. हातात एक छोटं खोकं.

‘‘काका, एकाहत्तरचा थर्मोस्टॅट मागवलाय. एवढा बसवून द्या. गाडीचं पाणी घाटात शंभर अंशांच्या वर जातं.’’

‘‘आत्ता कितीचा आहे?’’

‘‘ब्याऐंशी. कंपनीचाच.’’

मी खोकं घेतलं, डब्याशेजारी ठेवलं आणि त्याला चहा सांगितला. त्याला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं नीट करून.

आमचं घर धायरीचंच. २०१७ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, आता रायकर मळ्यापर्यंत सोसायट्याच सोसायट्या आहेत. माझ्या लहानपणी इथे ज्वारी होती, भाजीपाला होता, आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. त्या काळी महाराष्ट्रात विहिरीवरचं इंजिन म्हणजे बहुतेक किर्लोस्कर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये खडकीला निघाला, आणि त्यानं या भागातली मोट हळूहळू अडगळीत घातली. वडील हँडल मारायचे, मी डिकॉम्प्रेशनचा खटका सोडायचो.

त्या इंजिनाला रेडिएटर नव्हता. गरजच काय? पंप विहिरीतलं पाणी उपसतोय, त्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनाच्या जॅकेटमध्ये सोडायची, डोक्यातून दुसरी नळी बाहेर, ती थेट पाटात. गार पाणी आत, कोमट पाणी बाहेर. थंडीत आम्ही पोरं त्या कोमट धारेखाली पाय धरून उभे राहायचो. पाणी जेवढं गार तेवढं इंजिन खूश, असा वडिलांचा हिशेब.

सिलिंडरच्या आतला लायनर मात्र घासायचा. ऑइल काळं पडायचं, धूर यायचा, दर तीन-चार वर्षांनी इंजिन उघडायचं. एकदा एक फिटर म्हणाला, ‘‘आबा, नळी बंद करा. दोनशे लिटरचं पिंप उंचावर ठेवा, इंजिनाचं गरम पाणी त्यात वरून जाऊ द्या, खालून परत येऊ द्या. पाणी हाताला चटका देईल इतकं तापू द्या.’’

वडील म्हणाले, ‘‘तापलेलं पाणी परत इंजिनात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’’

फिटर बरोबर होता. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकातच इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संशोधनानं दाखवलं होतं, की सिलिंडरची भिंत गार राहिली तर झीज कमी न होता झपाट्यानं वाढते. इंधन जळताना पाण्याची वाफ होते आणि आम्लं तयार होतात. भिंत गरम असेल तर ती धुराबरोबर निघून जातात. भिंत गार असेल तर ती तिथेच दवासारखी धरतात आणि ओतीव लोखंड खात बसतात. आमचा लायनर घर्षणापेक्षा गंजानं जास्त जात होता. इंजिनाचा त्यात दोष नव्हता. दोष गार पाण्याच्या त्या नळीचा, आणि नळी आमची होती.

१९७५ मध्ये मी नाना पेठेत एका गॅरेजला हेल्पर म्हणून लागलो. उस्तादांकडे फियाट जास्त यायच्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ती गाडी तेव्हा नुकतीच पद्मिनी झाली होती. इंजिन १०८९ सीसी. पुण्यातल्या डॉक्टर-वकिलांची तीच गाडी. आणि पुण्यातून बाहेर पडायचं म्हणजे घाट चढायचा: साताऱ्याकडे जाताना कात्रज, मग खंबाटकी. मुंबईहून परत येताना खंडाळा. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून रांगेनं उभ्या असलेल्या गाड्या माझ्या वयाच्या प्रत्येकानं पाहिल्यात. डिकीत पाण्याचा कॅन, फियाटच्या बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं, आणि रेडिएटरचं झाकण उघडायला गोणपाट. घाईनं झाकण उघडून हात भाजलेले ड्रायव्हर मी मोजले नाहीत, पण खूप पाहिले.

उस्तादांचा पहिला धडा असा: ‘‘घाट चढायचाय ना? वॉल्व्ह काढ.’’

वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. इंजिन गार असताना हे दार बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या अंशाला दार किलकिलं होतं, आणखी बारा-पंधरा अंशांनी सताड उघडतं. कडेवर कोरलेला आकडा उघडायला सुरुवात होण्याचा. पाणी उकळतंय आणि पाण्याच्या वाटेत एक दार आहे, तर दार काढून टाका, हे कुणालाही पटेल असंच होतं. मीही शंभर-दीडशे गाड्यांचे काढले असतील. डबा तेव्हाचा.

गंमत म्हणजे गिऱ्हाईक परत येऊन सांगायचं, ‘‘फरक पडला बरं का!’’ आणि ते खोटं नव्हतं. हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नाही. मग कधीतरी हिशेब मांडला. थर्मोस्टॅट असलेली गाडी कात्रजच्या पायथ्याला येते तेव्हा तिचं पाणी पंच्याऐंशीच्या आसपास असतं. काढलेल्या गाडीचं साठावर. दोन्ही गाड्यांचा रेडिएटर गाळानं तुंबलेला, दोघींनाही घाटातली उष्णता बाहेर टाकता येत नाही, दोघींचा काटा सारखाच चढतो. पण एकीला पंचवीस अंशांची मोकळीक जास्त मिळाली. सगळं लोखंड आणि पाणी तेवढं तापायला चार-पाच मिनिटं जास्त लागतात. जुना कात्रज घाट आखूड. त्या चार-पाच मिनिटांत बोगदा येतो आणि उतार लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, वॉल्व्ह काढल्यानं काम झालं. खंडाळ्याला मात्र तीच गाडी उकळायची, कारण तो घाट चार-पाच मिनिटांत संपत नाही. त्याचा दोष मग आम्ही उन्हाला द्यायचो.

उकळण्याचं खरं कारण बहुतेक वेळा दोन रुपयांचं असायचं. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आणि रबर धड असेल आणि आत ०.९ बारचा दाब राहिला, तर तेच पाणी ११८ पर्यंत शांत राहतं. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक गाड्यांच्या झाकणाचं रबर सुकून तडकलेलं. वीस अंशांची मोकळीक झाकणातून निघून गेलेली, आणि आम्ही थर्मोस्टॅट काढत बसलेलो. त्यातून रेडिएटरमध्ये विहिरीचं, बोअरचं क्षारांचं पाणी. चहाच्या किटलीत धरतो तसला पांढरा थर नळ्यांत धरायचा, पाणी फिरायला वाट राहायची नाही.

शिवाय काही इंजिनांत या वॉल्व्हला मागे दुसरी चकती असते. मोठं दार उघडलं की ती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडेच जातं. अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. ती गाडी थर्मोस्टॅट काढल्यामुळेच जास्त तापायची. ‘‘या गाडीचं इंजिनच गरम आहे,’’ असं म्हणून आम्ही मोकळे.

आता थर्मोस्टॅटवरच्या या आकड्यांचं मूळ. पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चहा निवला.

मोटारीत पहिल्यापासून थर्मोस्टॅट नव्हता. फोर्डच्या मॉडेल टीचं पाणी आमच्या फिटरच्या पिंपासारखंच फिरायचं, तापलं की वर, निवलं की खाली. १९१४ च्या कॅडिलॅक व्ही-८ मध्ये पाण्याच्या तापमानावर चालणारा थर्मोस्टॅट आला. सुरुवातीचे थर्मोस्टॅट भात्यासारखे असत. घड्या पडलेल्या पितळी डबीत लवकर उकळणारा द्रव, तो तापला की भाता फुगायचा. मग १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाचा थर्मोस्टॅट आणला. एका छोट्या कुपीत तांब्याची पूड मिसळलेलं मेण. ठरलेल्या अंशाला मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं. आज तुमच्या-माझ्या गाडीत आहे तो हाच. भाता फुटला की तो बहुधा उघडाच राहायचा, गाडी निदान घरी यायची. मेणाची कुपी गळली की दार बहुधा बंद राहतं. या एका भीतीनंही आमच्या लोकांनी पुष्कळ थर्मोस्टॅट काढले.

आणि ७१? अमेरिकेत हिवाळ्यात रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घालत. अल्कोहोल लवकर उडून जातं. म्हणून इंजिन मुद्दाम गार ठेवायला १६० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट बसवत. १६० फॅरनहाइट म्हणजे ७१ सेल्सियस. पुढे न उडणारं ग्लायकॉल आलं, दाबाची झाकणं आली, मग आकडा १८० वर गेला, म्हणजे ८२. मग धुराचे कायदे आले. इंजिन गरम असेल तर न जळलेलं पेट्रोल कमी निघतं, म्हणून १९५, म्हणजे ९१ च्या आसपास. पुढे काही कंपन्यांनी मेणाच्या कुपीत विजेची तार घातली. बीएमडब्ल्यूच्या काही इंजिनांत साध्या चालीला पाणी ११२ अंशांपर्यंत राहू देतात आणि पाय पूर्ण दाबला की ८० वर आणतात.

‘‘म्हणजे एकाहत्तर शर्यतीचा नाही?’’

‘‘बर्फातल्या अमेरिकन गाडीचा. शर्यतवाल्यांनी नंतर उचलला.’’

तो हसला, पण खोकं काही उचललं नाही. पोरं अशी सहज ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातात गेली. आमच्या गॅरेजला ती यायला थोडा वेळ लागला. उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, ‘‘पंखा बेल्टवर नाही?’’ पंखा विजेवर. घाटात इंजिन कुंथत असलं तरी पंखा आपल्या वेगानं फिरणार. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी हिरवं कूलंट. तरीही पहिल्या वर्षी आम्ही तिचाही थर्मोस्टॅट काढायला गेलो. ही गाडी घाटात तापतच नाही हे उस्तादांना एका उन्हाळ्यात कळलं. पण हात थांबले नाहीत. गाडी तापली की पहिलं दार काढायचं, कारण नंतर.

हात थांबवले ते १ एप्रिल २००० च्या धुराच्या नियमांनी. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता पेट्रोल किती द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवणार, आणि तो विचारणार पाण्यातल्या सेन्सरला. पाणी गार असेल तर कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून नुकतंच सुरू झालंय. तो जास्त पेट्रोल देत राहतो. थर्मोस्टॅट काढलेली गाडी मग दिवसभर सकाळच्याच अवस्थेत चालते. गिऱ्हाईक ‘ॲव्हरेज पडलंय’ म्हणत यायचं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास यायचा, ऑइलच्या झाकणाखाली ते दुधासारखं. पुढे नवीन गाड्या स्वतःच बोलायला लागल्या. मशीन लावलं की पी-०१२८ हा कोड येतो. अर्थ एवढाच, की पाणी हवं तितकं तापत नाहीये, थर्मोस्टॅट बघा. पंचवीस वर्षं मी जे काम केलं ते चूक असल्याचं मला आधी मशीननं सांगितलं, मग मला वडिलांच्या इंजिनाचा लायनर आठवला.

पोरानं विचारलं, ‘‘मग गार इंजिनाचा फायदा काहीच नाही?’’

आहे. तो नाकारणं खोटेपणा होईल. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला हेडचं लोखंड किंवा ॲल्युमिनियम जितकं गार, तितकं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून होणारी ठोकठोक, उशिरा. नॉकिंग नाही म्हणजे स्पार्क थोडा आधी देता येतो, म्हणजे थोडी ताकद जास्त. त्याच वेळी ऑइलला मात्र उष्णता हवी. गार ऑइल जाड, पंप आणि बेअरिंग त्याच्याशी झगडण्यात ताकद घालवतात, आणि आत साचलेली वाफ व पेट्रोल उडून जात नाही. हेडला गार हवं, सिलिंडरच्या भिंतीला आणि ऑइलला गरम. म्हणूनच काही नव्या टर्बो इंजिनांत कंपनीच दोन थर्मोस्टॅट देते, हेडचा लवकर उघडणारा, ब्लॉकचा उशिरा. आपल्या जुन्या इंजिनात दार एकच, तेव्हा मधला आकडा शोधावा लागतो.

आणि मुख्य गोष्ट: हे दार इंजिन किती गार राहील याची खालची मर्यादा ठरवतं. वरची मर्यादा ठरवतो रेडिएटर, पंखा, पंप आणि झाकण. ‘‘तुझा ब्याऐंशीचा आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पंच्याण्णवला तो सताड उघडा. घाटात तुला शंभरच्या वर दिसतं, म्हणजे दार केव्हाच उघडलेलं आहे. एकाहत्तरचा बसवलास तर तो ब्याऐंशी-पंच्याऐंशीला सताड उघडेल, आणि शंभराला दोन्ही दारं सारखीच उघडी. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल पळवायची असेल तर एकाहत्तर चालेल. तिथे शर्यत पाणी तापायच्या आत संपते. कात्रजचा बोगदा यायचा तसं.’’

मग त्याला घरी नेलं. बायकोच्या पातेल्यात पाणी घातलं, त्याच्या एस्टीमचा थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून सोडला, बुडाला टेकू दिला नाही, आणि माझा थर्मामीटर. त्र्याऐंशीला कड सुटली. पंच्याण्णवला दांडी आठ-नऊ मिलिमीटर वर. पंधरा वर्षांचा थर्मोस्टॅट, एक अंशाचा फरक. मग एकाहत्तरचा सोडला, तोही इमानदार निघाला. दोघेही चांगले, प्रश्न गाडीचाच.

रेडिएटर उतरवला. खालच्या एक-तृतीयांश भागात पंखांच्या फटी माती आणि मेलेल्या किड्यांनी बुजलेल्या, ऑटोक्रॉसची माती. पंख्याची मोटर कुरकुरत होती. झाकणाचं रबर कडक. रेडिएटर धुतला, मोटर बदलली, झाकण बदललं, कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली. थर्मोस्टॅट त्याचाच, ब्याऐंशीचा, नवीन रिंगसह परत बसवला. छोटी पिन असलेलं भोक वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं सिंहगडाच्या पायथ्याला गोळेवाडीच्या नाक्यावरून निघालो, स्कॅनर लावून. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, पाय दाबून. पायथ्याला ८५. अर्ध्या घाटात ९१. वर वाहनतळाला ९४, पंखा सुरू.

पोरगा म्हणाला, ‘‘काका, म्हणजे खोकं परत पाठवू?’’ मी म्हटलं, ‘‘ठेव. कधी धावपट्टीवर गेलास तर बदल, आणि घरी येताना परत ब्याऐंशीचा घाल.’’

माझा निकाल सांगतो. रोज चालणाऱ्या गाडीला कंपनीनं दिलेला आकडाच, मग तो ८२ असो, ८८ असो की त्याहून वर. ताकद वाढवलेल्या, नॉकिंगच्या काठावर असलेल्या जुन्या इंजिनाला ८२, पण पंख्याचा स्विच आणि कॉम्प्युटरची ट्यूनिंग त्याला जुळवूनच. एकाहत्तर फक्त काही सेकंदांच्या शर्यतीला. आणि थर्मोस्टॅट काढून टाकणं मात्र कुठल्याच गाडीला नको. तुमच्या गाडीचा कुणी कधी काढला असेल, आणि धायरी-नऱ्ह्यापासून नाना पेठेपर्यंत अशा गाड्या अजून फिरतात, तर या हिवाळ्याच्या आत परत बसवून घ्या. काही शे रुपयांचं आणि तासाभराचं काम आहे. ज्यांचे मी काढले त्यांच्या गाड्या आता नाहीत, नाहीतर मीच फुकट बसवून दिले असते.